विहिरीतली दाढ आणि तिचा पत्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भूशास्त्र घेऊन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "निफाड तालुक्यात कादवेकाठी काकांच्या विहिरीचं काम चालू असताना एक जड, पट्ट्यापट्ट्यांचा दगड निघाला. फोटो सोबत आहे. ही दाढ आहे का? मला सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवरच काम करायचंय. घरचे म्हणतात, त्यात पोटापाण्याचं काय? आणि महाराष्ट्रात सगळा बेसाल्ट, इथे काही मिळत नाही, असंही ऐकते. तुमचं आयुष्य यात गेलं, तर खरं काय ते सांगा."

फोटोतली वस्तू दाढच आहे, आणि हत्तीची आहे. बाजूने पाहिलंस तर पोळ्यांची चळत उभी करून ठेवावी तशा चपट्या पट्ट्या एकीला एक लागून आहेत. वरून पाहिलंस तर त्याच पट्ट्यांची झिजलेली तोंडं लांबट वेटोळ्यांसारखी दिसतील. वेटोळ्याची कड इनॅमलची, म्हणजे दाताच्या कठीण आवरणाची, आतला भाग डेंटिन या थोड्या मऊ पदार्थाचा, आणि दोन पट्ट्यांच्या मधली जागा सिमेंट नावाच्या, दाताच्याच आणखी एका पदार्थाने भरलेली. कोणता हत्ती, हे मात्र मी फोटोवरून सांगणार नाही. आजच्या आपल्या हत्तीच्या दाढेत ही वेटोळी जवळजवळ समांतर जातात. गोदावरी-नर्मदेच्या जुन्या गाळात सापडणाऱ्या पॅलिओलॉक्सोडॉन या नामशेष हत्तीच्या दाढेत ती मध्यभागी थोडी फुगतात. ते ठरवायला दाढ हातात घ्यावी लागेल, दहा सेंटिमीटरांत किती पट्ट्या बसतात ते मोजावं लागेल. तोपर्यंत तिला व्हार्निश लावू नका, तेल लावू नका, आणि आपल्याकडे ज्याची मला खरी भीती वाटते तो शेंदूरही लावू नका. घासून धुऊही नका. खाचेत अडकलेली माती तशीच राहू द्या, ती माती मला दाढेइतकीच हवी आहे. का, ते पुढे सांगते.

आता बेसाल्टचं. तू ऐकलंस त्यात अर्धं खरं आहे. नाशिकच्या पायाखाली जो काळा पाषाण आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. पण लाव्हा एकदाच आला आणि थांबला असं झालं नाही. दोन उद्रेकांच्या मध्ये काही ठिकाणी तळी साठली, त्यांत चिखल बसला, झाडं आली, बेडूक आले, छोटे सस्तन प्राणी आले, आणि मग पुढच्या लाव्ह्याने सगळं झाकून टाकलं. तेलंगणात नास्कल नावाच्या गावाजवळ असा एक थर आहे. तिथली माती धुऊन जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांना जे बारीक दात मिळाले, ते त्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केले. क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडातला, भारतात सापडलेला तो पहिला सस्तन प्राणी. नाव ठेवलं डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. पहिला शब्द आपल्या दख्खनचा, दुसरा नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या स्मरणार्थ. हिस्लॉपने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरजवळच्या टाकळीला लाव्ह्याच्या मधले थर धुंडाळले होते. ज्या बेसाल्टमुळे इथे काही मिळत नाही असं म्हणतात, त्याच बेसाल्टच्या पोटात तो उंदराएवढा प्राणी जपला गेला.

नाशिकमध्ये पाषाणाच्या पोटापेक्षा पाठीवर काय आहे ते जास्त महत्त्वाचं. गोदावरी, दारणा, कादवा या नद्यांनी पाषाणावर गाळ आणून टाकलाय. वरती काळी जमीन, तिच्याखाली पिवळसर-तपकिरी माती आणि तिच्यात चुनखडीचे गोळे, त्याखाली कित्येक ठिकाणी सिमेंटसारखी घट्ट झालेली गोट्यांची भर, आणि मग मुरूम किंवा पाषाण. विहीर खणणाऱ्या कुणालाही हा क्रम माहीत असतो, फक्त त्याला तो भूशास्त्र म्हणत नाही. याच गाळातल्या, नांदूरमध्यमेश्वरच्या हत्तीच्या कवटीवर भूशास्त्रज्ञ जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ साली लिहिलं. म्हणजे आज जिथे थंडीत आपण दुर्बिणी घेऊन पक्षी पाहायला जातो, त्या परिसराचं नाव सस्तन जीवाश्मांच्या अभ्यासात एकशेवीस वर्षांपासून आहे. माझं आजोळ चांदोरीचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीच्या पात्रातली देवळं उघडी पडायची आणि आम्ही मुलं तिथे दिवसभर हुंदडायचो. शेजारच्या दरडीत हाडं असू शकतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एम.एस्सी.ला असताना, घरापासून दीड हजार किलोमीटरवर, एका जुन्या अहवालात मी नांदूरमध्यमेश्वर हे नाव वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. तुला ते विसाव्या वर्षीच कळलंय.

काम कसं असतं, हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोकांच्या डोळ्यांपुढे ब्रशने झाडून काढलेला अख्खा सांगाडा असतो. माझ्या पस्तीस वर्षांत मला अख्खा सांगाडा एकदाही मिळाला नाही. मला मिळाले ते दात, आणि दातांचे तुकडे.

पहिली चार वर्षं मी माती धुतली. मोठ्या प्राण्यांची हाडं दरडीत डोळ्यांना दिसतात, पण लहान प्राण्यांसाठी माती घरी आणावी लागते. पोत्यांनी. आधी ती उन्हात कडकडीत वाळवायची. थोडा ओलावा राहिला तरी पुढचं फसतं. मग रॉकेलमध्ये भिजत ठेवायची, रॉकेल निथळून वरून पाणी ओतायचं, की घट्ट ढेकूळ हळूहळू फुलून विरघळतं. ते बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुवायचं. चिखल वाहून जातो, चाळणीत वाळू, शिंपल्यांचे तुकडे, माशांचे काटे आणि नशीब असेल तर दात राहतात. ते वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली थोडं थोडं पसरायचं आणि ओल्या बारीक ब्रशने एकेक कण बाजूला करायचा. डेक्कनोलेस्टिससारख्या प्राण्याची दाढ एक-दोन मिलिमीटरची, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. माझी आई एकदा प्रयोगशाळेत आली होती. थोडा वेळ पाहून म्हणाली, "हे तर निवडण आहे." अगदी तेच आहे. तांदूळ निवडताना जसा खड्यावर हात आपोआप जातो, तशी नजर तयार व्हायला मला दोन हंगाम लागले. किलोकिलो मातीत एकही दात नाही, असे आठवडे जातात. ते सहन होतं का, हे तुला स्वतःला तपासावं लागेल. ज्यांना होत नाही ते हुशार नसतात असं मुळीच नाही. माझ्याबरोबरचे दोन अतिशय हुशार लोक याच टप्प्यावर भूजलाच्या कामाकडे गेले आणि तिथे त्यांनी उत्तम काम केलं.

दातच का? इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, म्हणून तो टिकतो, हे एक कारण. दुसरं कारण सस्तन प्राण्यांचं खास आहे. मगरीचे दात आयुष्यभर पडत-येत राहतात आणि सगळे साधारण एकसारखे असतात. सस्तन प्राण्याला दुधाचे एकदा आणि कायमचे एकदा, बस. त्यामुळे वरची आणि खालची दाढ कुलूप-किल्लीसारखी एकमेकींत बसते आणि प्रत्येक उंचवट्याला, प्रत्येक खाचेला ठरलेली जागा असते. त्या प्रत्येकाला नाव आहे. ती नावं पाठ करताना कंटाळा येतो हे खरं, पण एकदा आली की एका दाढेवरून प्राण्याचं कुळ, तो काय खायचा, साधारण किती वयाचा होता, इतकं सांगता येतं. हत्तीचंच बघ. त्याला जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यात सहा दाढा येतात, पण एका वेळी एखाद-दुसरीच वापरात असते. मागून नवी सरकत येते आणि पुढची झिजून तुकड्यांनी पडते. म्हणून काकांच्या विहिरीतली दाढ कितवी आहे आणि किती झिजली आहे, यावरून तो हत्ती तरणा होता की म्हातारा, हे आपल्याला समजेल.

इनॅमलमध्ये आणखी एक नोंद असते. उष्ण प्रदेशातलं गवत आणि झाडपाला हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात. त्यांच्यातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण वेगळं असतं आणि ते खाणाऱ्याच्या दातात उतरतं. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतले दात आणि जुनी माती यांवरून दिसलं की सुमारे ८० ते ७० लाख वर्षांपूर्वी उत्तरेत जंगल मागे हटून गवताळ रानं पसरली. पाल्यावर जगणारे कितीतरी प्राणी त्या बदलात गेले, उंच दाढांचे घोडे आणि गुरांचे नातलग टिकले. एका दाताचा खडूच्या भुकटीइतका अंश घेऊन हे कळतं. पहिल्यांदा स्वतः नमुना कोरून यंत्राचा आकडा पाहिला, तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

करिअर म्हणजे काय, हे विचारलंस म्हणून पिलग्रिमबद्दल थोडं सांगते. बार्बाडोसमध्ये जन्मलेला हा माणूस १९०२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आला आणि १९३० पर्यंत नोकरीत होता. गोदावरीचा हत्ती ही त्याची सुरुवात. खरं आयुष्य गेलं ते शिवालिकच्या सस्तन प्राण्यांत. शिवालिकच्या हजारो मीटर जाडीच्या वाळू-चिखलाच्या थरांत कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हे त्याने प्राण्यांवरून लावलं. चिंजी, नगरी, ढोक पठाण, तात्रोत, पिंजोर ही नावं त्याने दिली आणि आजही आम्ही तीच वापरतो. त्याच्याकडे वय मोजायचं कुठलंच साधन नव्हतं. पुढे अनेक दशकांनी खडकातल्या चुंबकत्वावरून या थरांना लाखांत आकडे मिळाले, तेव्हा त्याने लावलेला क्रम पायाला तसाच उभा राहिला. वयाचे त्याचे अंदाज पुष्कळ चुकले होते, प्राण्यांची त्याने दिलेली कित्येक नावं नंतर बदलली. पण कोणता दात कोणत्या थरातून आला, हे त्याने आणि त्याच्या संग्राहकांनी लिहून ठेवलं होतं, म्हणून चुका दुरुस्त करता आल्या.

याच्या उलटं उदाहरण रामापिथेकस या नामशेष वानराचं आहे. १९३२ साली जी. एडवर्ड लुईस या अमेरिकन विद्यार्थ्याला शिवालिकमध्ये वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. १९६० च्या दशकात त्याच तुकड्यावरून रामापिथेकसला माणसाचा पूर्वज ठरवलं गेलं आणि वीसएक वर्षं पाठ्यपुस्तकांत तो तसाच राहिला. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच कुळातल्या सिवापिथेकस या प्राण्याचा चेहरा मिळाला आणि १९८२ साली त्याचं वर्णन आलं, तेव्हा दिसलं की त्याचं साम्य ओरांगउटानशी आहे. आता रामापिथेकस हे नाव सिवापिथेकसमध्ये विरून गेलंय. थोड्या पुराव्यावर मोठं बोलायची ओढ या क्षेत्रात फार असते, आणि वर्तमानपत्रांना ते आवडतं. पॅलिओलॉक्सोडॉन हा आजवरचा सर्वांत मोठा जमिनीवरचा सस्तन प्राणी, वजन २२ टन, असं तू वाचलं असशील. तो आकडा मांडीच्या एका अर्धवट हाडावरून काढलेला आहे. तो हत्ती प्रचंड होता यात शंका नाही, पण त्या आकड्याला मी माझ्या तोंडून पक्कं कधी म्हणत नाही.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगते. एका संस्थेत, नाव घेत नाही, मी तरुणपणी तीन हिवाळ्यांत गोळा केलेले दात ठेवले होते. प्रत्येक दात छोट्या डबीत, डबीत कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव, नाला, दरडीचा कितवा थर, तारीख. काही वर्षांनी मी परत गेले तेव्हा इमारतीची डागडुजी झाली होती, खण एकमेकांत ओतले होते, आणि उरलेल्या चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या होत्या. दात सगळे होते. एकही हरवला नव्हता. आणि त्यांतला एकही वापरता येत नव्हता. मी त्या दिवशी खुर्चीत बसून रडले. नंतर ते शिकवण्यासाठी दिले, मुलं त्यांवर उंचवट्यांची नावं पाठ करतात. तेव्हापासून मी क्रमांक दातावरच, बारीक पेनने, पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर लिहिते, वहीत लिहिते आणि वहीची प्रत दुसऱ्या गावी ठेवते.

आणि नीट जपलं तर काय होतं, तेही ऐक. ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी जम्मूतल्या कालाकोटच्या परिसरातून खडक गोळा केले होते. १९७१ साली त्यांनी त्यातल्या एका छोट्या खुरवाल्या प्राण्याला इंडोह्यूस नाव दिलं. पुष्कळसे खडक न फोडताच राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाच्या हाती दिले. त्यांच्या प्रयोगशाळेत साफसफाई चालू असताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाचं हाड आतून दिसलं. त्या हाडाची एक भिंत विलक्षण जाड होती, आणि तशी जाडी तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होती. २००७ साली ते प्रसिद्ध झालं आणि हरणासारख्या, मांजराएवढ्या प्राण्याचं देवमाशाशी जवळचं नातं मांडलं गेलं. खडक कुठून आले हे माहीत नसतं तर त्या कानाला काही अर्थ राहिला नसता. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं काम त्या बाईंचं वाटतं, ज्यांनी घरातली दगडांची अडगळ इतकी वर्षं फेकली नाही.

आता पोटापाण्याचं. घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, त्यांच्यावर रागवू नकोस. फक्त सस्तन जीवाश्मांसाठीच्या कायम जागा देशात फार थोड्या आहेत. माझं शिक्षण संपून पहिली कायम नोकरी लागेपर्यंत मी चौतीस वर्षांची झाले होते, आणि मधल्या काळात दादाने घर सांभाळलं नसतं तर मी टिकले नसते. पण रस्ते आहेत. एम.एस्सी. भूशास्त्रातच कर. पुणे विद्यापीठात होतं, आणि आयआयटीत जायचं तर 'जॅम' ही प्रवेश परीक्षा आहे. नंतर नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे पीएच.डी.ची वर्षं घरून पैसे न मागता जातात. सस्तन जीवाश्मांचं काम डेहराडूनची वाडिया संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था, आयआयटी रुरकी, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, गढवाल विद्यापीठ अशा ठिकाणी झालंय आणि होतंय. दुसरीकडे, यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देऊन सर्वेक्षणात जाता येतं. तिथे सुरुवातीला कदाचित तुला खनिजाच्या किंवा नकाशाच्या कामावर धाडतील, पण पगार वेळेवर येतो आणि नकाशा करणाऱ्याच्या पायाखाली खडक जास्त येतात. घरच्यांना हा दुसरा रस्ता आधी सांग.

तिसरा रस्ता पुण्याचा. डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाच्या अंगाने हाडांचा अभ्यास चालतो. गोदावरी-प्रवरेच्या गाळात हाडं आणि दगडी हत्यारं एकत्र येतात, म्हणून तिथल्या लोकांनी या भागावर पिढ्यान्‌पिढ्या काम केलंय. ह. धी. सांकळियांनी १९४० च्या दशकात आपल्या गंगापूरजवळ अश्मयुगीन हत्यारं शोधली. जी. एल. बदाम यांचा भारतातल्या प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगांच्या काळातल्या, प्राण्यांवरचा ग्रंथ १९७९ साली तिथूनच निघाला, तो वाचनालयात बसून वाच. जळगाव जिल्ह्यात पाटण्याला एस. ए. साळींच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. शहामृग सस्तन नाही, पण इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर एके काळी तो पक्षी होता, हे मनात ठेवून दरड पाहिली की दरड वेगळी दिसते.

शिक्षण चालू असतानाच एक गोष्ट सुरू कर, आणि ती नाशिकमध्येच होते. आजच्या प्राण्यांची हाडं जमव. खाटकाकडून बोकडाचं मुंडकं आण, मंद आचेवर धुण्याचा सोडा घालून उकळ, मांस सुटलं की जुन्या टूथब्रशने साफ कर. फार उकळलंस तर हाड भुसभुशीत होतं, म्हणून मधून मधून बघ. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा, एवढे पाळीव प्राणी पुरेत. वन्य प्राण्यांची हाडं उचलू नकोस, कायद्याने तो गुन्हा आहे. प्रत्येक हाड डावं की उजवं हे डोळे मिटून हाताने ओळखता आलं पाहिजे. शेळी आणि मेंढीच्या हाडांतला फरक ज्याला सांगता येतो, त्याला आमच्यात मान आहे, कारण तो फरक फार अवघड आहे. चित्रं काढ. फोटो काढल्याने पाहून होत नाही, काढताना हात अडतो तिथे खरं बघणं सुरू होतं.

सुट्टीत नदीकाठी जा, पण काही पथ्यं पाळ. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय एक खडाही उचलायचा नाही. बाहेर कुठे दरडीत हाड दिसलं तर ओढून काढू नकोस. मोबाईलवर ठिकाण नोंदव, शेजारी पट्टी ठेवून फोटो घे, दरडीचं वरपासून खालपर्यंत चित्र काढ आणि हाड कोणत्या थरात आहे तिथे खूण कर. मग कळव. लोक मला जे आणून दाखवतात त्यातलं बहुतेक जीवाश्म नसतं. गारगोट्या असतात, चुनखडीचे हाडासारखे लांबट गोळे असतात, खडकावरची मँगनीजची झाडासारखी नक्षी असते. मोडलेल्या टोकाला स्पंजसारखी बारीक छिद्रं दिसली तर हाड असण्याची शक्यता धर. कुणाला हिणवू नकोस. आज गारगोटी आणणारा शेतकरी उद्या जबडा आणेल, पण आज तू हसलीस तर आणणार नाही.

वाळूच्या उपशातही दाढा निघतात. नदीतून निघालेली हत्तीची दाढ मी लोकांच्या दिवाणखान्यात पाहिली आहे. त्यांचा काहीच उपयोग होत नाही असं नाही, पण कोणत्या थरातून आल्या हे गेलेलं असतं. म्हणून तुझ्या काकांची विहीर मला इतकी मोलाची वाटते. विहिरीची भिंत अजून उघडी आहे. एकदा बांधकाम झालं की ती पुढची पन्नास वर्षं दिसायची नाही.

तेव्हा आजच काकांना फोन कर आणि विचार: दाढ निघाली तेव्हा विहीर किती परस गेली होती? ते फुटात सांगणार नाहीत, परसात सांगतील, तसंच लिहून घे आणि मग त्यांचा एक परस म्हणजे किती फूट तेही विचार. काळी माती किती खोलीवर संपली? दाढ पिवळ्या मातीत होती की गोट्यांच्या भरीत? आजूबाजूला चुनखडी होती का, शिंपले होते का? यारीवाल्या गड्यालाही वेगळं विचार, पहिल्यांदा हात त्याचा लागला असेल आणि त्याचं उत्तर काकांच्या उत्तराशी जुळेलच असं नाही. दोन्ही उत्तरं लिही, एक खोडू नकोस. बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगातून, दाढेला चिकटलेल्या मातीसारखी दिसणारी दोन पोती भरून सावलीत ठेव. बांधकाम आठ दिवस थांबवता येईल का, तेवढं माझ्या वतीने विनव. मी येत्या रविवारी सकाळी निफाडला पोचते. दोर, टोपी आणि कोरी वही घेऊन ये, विहिरीत उतरून थर तू मोजायचे आहेत.